कोचकोरची शब्दवही

गुरुवारी संध्याकाळी, शाळेतल्या भूगोलाच्या वर्गात
बारा बायका लहान बाकांवर गुडघे दुमडून बसतात.
मेदेर नावाचा पोरगा बिश्केकहून येतो,
फळ्यावर लिहितो: भांडवल.
आई विचारते, म्हणजे किती मेंढ्या?

सगळ्या हसतात. तो हसत नाही.
आकडे मांडतो, खोडतो, पुन्हा मांडतो,
म्हणतो, तुमच्यापुरत्या अकरा.

तिची वही मी लिहिते.
चाळीस वर्षं कढत पाणी आणि ओली लोकर,
तिच्या बोटांना आता पेन धरवत नाही.
"लिही," म्हणते, "मुद्दल म्हणजे मेंढी,
नफा म्हणजे दर वसंतात पुन्हा वाढते ती लोकर.
आणि भूक लागली तरी कुणाला कापायचं नाही, तेही लिही."
मेदेरने हे स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं,
विचारलंसुद्धा नाही.
बौद्धिक मालमत्ता हा शब्द अजून चार धडे लांब होता.

घासाघीस तिला शिकवावी लागली नाही.
नमदा म्हणजे दुसरं काय?
साबणाचं पाणी, कोपरापर्यंत हात,
लोकर नाही-नाही म्हणते तोवर घासत राहायचं.
एकदा हो म्हणाली
की मग जन्मात उसवत नाही.

वाटाघाटी मात्र तिने फोडून घेतल्या: वाट आणि घाट.
बोमच्या खिंडीत एकीकडे दरड, एकीकडे नदी,
समोरच्याने थोडं मागे व्हायचं, थोडं आपण.
"आणि कुणीच नाही झालं तर?"
"तर रात्र तिथेच," मागून सायकाल म्हणाली.
तिचा नवरा ट्रक चालवायचा.

पत.
या शब्दापाशी वर्ग गप्प झाला.
बँकेने विचारलं होतं, तारण काय?
घर नवऱ्याच्या नावावर,
नवरा नोवोसिबिर्स्कला, फोन बंद.
शेवटी भिशी काढली बाराजणींनी.
तारण? एकमेकींची तोंडं, रोज विहिरीवर दिसणारी.

ऑर्डर आली बर्गनहून. दोनशे जोड सपाता,
करड्या, अडतीस ते त्रेचाळीस.
सीमाशुल्काच्या अर्जात तीन रकाने:
हे पादत्राण, की लोकर, की हस्तकला?
तिन्हींचे दर वेगळे.
वर मेंढीच्या तब्येतीचा दाखला हवा.
"ती तर आम्ही नोव्हेंबरातच खाल्ली," आई म्हणाली,
"ठणठणीत होती."

सतरा दिवस माल गोदामात अडकून पडला.
तेवढ्यात सोम वधारला,
आणि दोनशे जोडांमागे हातात उरलं
एका गॅसच्या टाकीपुरतं.
मेदेरने फळ्यावर लिहिलं: विनिमय दर.
आम्ही त्या दिवशी काही उतरवून घेतलं नाही.

तिकडून विचारणा आली,
यातला डावा कुठला, उजवा कुठला?
आई म्हणाली, घाला म्हणावं.
महिन्याभरात पायच सांगतील.
मी लिहिलं, हे उत्पादन वापरानुसार आकार घेते.
खोटं नव्हतं. पण तिचं वाक्य चांगलं होतं.

मार्चमध्ये एक जोड परत आला.
परतावा, मेदेर हळूच म्हणाला,
जणू कुणी वारल्याची बातमी सांगतोय.
आईने सपातीत हात घातला,
पार चवड्यापर्यंत, आणि बराच वेळ काढलाच नाही.
"बाई आहे. वयस्कर. डावीकडे झुकून चालते.
उजवा गुडघा दुखत असणार."

रात्री तिने डाव्या तळाला आणखी एक थर बसवला,
घासून घासून एकजीव केला.
टपालखर्च भिशीतून गेला. कुणी बोललं नाही,
सायकाल थोडं बोलली.

याला काय म्हणतात, विचार त्याला, आई म्हणाली.
विक्रीपश्चात सेवा.
तो शब्द तिने मला लिहू दिला नाही.
पेन स्वतःच्या मुठीत धरलं, लाटणं धरावं तसं,
आणि वहीत त्या जागी
एक टाच आखली. डावी.